लेडी मॅकबेथच्या मनाचा शोध घेणारी सहा व्याख्याने

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातील, राजा डंकनचा खून करून गादी मिळवणाऱ्या मॅकबेथची पत्नी लेडी मॅकबेथ या व्यक्तिरेखेच्या मनाचा वेध घेणारी सहा ध्वनिमुद्रित व्याख्यानांची मालिका मी नुकतीच शुल्क भरून ऐकली. नाटकाची संहिता समोर उघडी ठेवूनच ऐकली, आणि पाचवे व्याख्यान तर दोनदा ऐकले.

‘पतीला खुनास प्रवृत्त करणारी क्रूर स्त्री’ हा या पात्रावर बसलेला शिक्का व्याख्याते पहिल्याच तासात दूर करतात, आणि त्यासाठी बाहेरचा कोणताही सिद्धान्त न आणता केवळ संहितेचा आधार घेतात. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात पतीचे पत्र वाचल्यावर ती अदृश्य शक्तींना विनवते की माझे स्त्रीत्व हिरावून घ्या, पश्चात्तापाला माझ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच उरू देऊ नका. जिच्या ठायी मुळातच निर्दयता आहे, तिला ती अशी मागून घ्यावी लागत नाही, हा त्यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. पुढे झोपलेला राजा डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच त्याचा खून केला असता, असे ती ओझरते बोलून जाते. तिने मागून घेतलेल्या कठोरपणाला गेलेला तो पहिला तडा आहे, आणि व्याख्याते त्या एका वाक्यावर पुरेसा वेळ थांबतात.

पाचवे व्याख्यान झोपेत चालण्याच्या प्रवेशावर आहे आणि संपूर्ण मालिकेत ते सर्वांत समृद्ध आहे. ‘थोडेसे पाणी हे सारे धुऊन टाकील’ असे म्हणणारी स्त्री येथे रक्ताचा डाग जावा म्हणून हात चोळत राहते आणि अरबस्तानातील सारी सुगंधी द्रव्येही या लहानशा हाताचा वास घालवू शकणार नाहीत, असे म्हणते. घनदाट रात्रीला हाक मारणारी हीच स्त्री आता उशाशी सतत दिवा ठेवायला सांगते. तिच्या तोंडची छंदोबद्ध भाषा सुटून तुटक गद्य येते, आणि घंटेचे ठोके, मॅकबेथने मारवलेली सरदार मॅकडफची पत्नी, तसाच मारवलेला सेनापती बँको, दारावरची थाप या आठवणी काळाचा क्रम सोडून एकमेकींत मिसळतात. मॅकडफच्या पत्नीच्या हत्येच्या बेतात ती सहभागी असल्याचे नाटकात कोठेही दिसत नाही, तरीही तो अपराध ती स्वतःच्या अंगावर घेते, हे व्याख्यात्यांचे निरीक्षण माझ्या आजवरच्या वाचनात निसटले होते.

चौथ्या व्याख्यानाने मात्र निराशा केली. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या 1916 च्या निबंधातील, तिच्या कोसळण्यामागे अपत्यहीनता असावी हा विचार तेथे जवळजवळ निष्कर्ष म्हणून सांगितला आहे. वास्तविक, नाटकातील घटना इतक्या थोड्या काळात घडतात की हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही, हे फ्रॉइडलाच जाणवले होते, आणि म्हणून तो मॅकबेथ व त्याची पत्नी ही एकाच मनाची दोन अंगे असावीत या कल्पनेकडे वळला. शिवाय आपण मुलाला स्तनपान दिले आहे असे ती स्वतः म्हणते, त्या वाक्याचे काय करायचे, हा प्रश्न श्रोत्यापुढे ठेवलेलाच नाही. सहाव्या व्याख्यानात तिच्या अवस्थेला आजच्या मानसिक आजारांची नावे एकामागून एक लावली आहेत. नाटकातला वैद्य तिचे शब्द टिपून घेतो, हा विकार आपल्या विद्येपलीकडचा आहे असे कबूल करतो आणि तिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज अधिक असल्याचे सांगतो. तो संयम या व्याख्यानात नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाकडे झालेले दुर्लक्ष. सारे खर्ची घालूनही हाती काहीच लागले नाही, अशा अर्थाचे तिचे चार ओळींचे स्वगत तेथे येते, आणि लगेच पुढे बँकोच्या हत्येचा बेत पती तिला न सांगता, लाडाने गप्प करून, मनातच ठेवतो. माझ्या मते तिचे कोसळणे रक्ताच्या डागाआधी येथून, या एकटेपणातून सुरू होते. मेजवानीच्या प्रवेशानंतर ती रंगमंचावरून दिसेनाशी होते ती थेट पाचव्या अंकापर्यंत, आणि तिच्या मृत्यूची तर केवळ वार्ता येते. एवढ्या दीर्घ अनुपस्थितीला मालिकेत जेमतेम दोन मिनिटे मिळावीत, याची खंत वाटते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, उच्चार स्पष्ट आहेत. परंतु सोबतच्या टिपणांत अंक व प्रवेशांचे क्रमांक नसल्याने संदर्भ शोधताना वारंवार थांबावे लागते. नाटक एकदा तरी वाचून झालेल्यांनी ही मालिका अवश्य घ्यावी, पहिले व पाचवे व्याख्यान सलग ऐकावे आणि चौथ्याच्या आधी फ्रॉइडचा तो निबंध स्वतः वाचून घ्यावा.