घरी बांधलेल्या रेस कारचं सस्पेन्शन : नऊ महिन्यांनंतर

आधी गाडीबद्दल, म्हणजे पुढचं नीट समजेल. पाइपची चासी. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या मारुती एस्टीमचे, १.३ लिटर, एस्टीममध्ये ते पुढे असतात, मी तसेच उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवलेत. चारही कोपऱ्यांना एस्टीमचेच पुढचे नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डबल विशबोन, म्हणजे नकलला चासीशी जोडणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात. ड्रायव्हर सोडून वजन ५६० किलो. असली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे कोल्हापुरातून टेम्पोत घालून कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर न्यावी लागते. नऊ महिन्यांत चार वेळा गेलो. २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर एकशे साठेक लॅप झाले असतील. सस्पेन्शनचा खर्च शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) धरून १ लाख ६० हजार रुपये.

माझं मत आताच सांगून टाकतो. विशबोनची लांबी, रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो), कँबर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) यांवर मी कॉम्प्युटरसमोर चार महिने बसलो आणि चासीवरचे ब्रॅकेट चार दिवसांत उरकले. ट्रॅकवर त्रास झाला तो बहुतेक सगळा ब्रॅकेट, रॉड एण्ड (टोकाला गोळीचा सांधा असलेला आट्यांचा दांडा) आणि स्प्रिंग यांचा. कॉम्प्युटरवरच्या आकड्यांनी एकदाही दगा दिला नाही.

स्प्रिंगची चूक माझीच होती. शॉकअप विशबोनवर आत, तिरका बसतो, त्यामुळे चाक १०० मिलिमीटर उचललं तर माझ्या गाडीत शॉकअप ६५ मिलिमीटरच दबतो. म्हणजे गुणोत्तर ०.६५. चाकाशी मला २० न्यूटन प्रति मिलिमीटर हवे होते, म्हणून २० भागिले ०.६५ करून ३१ ची स्प्रिंग वळवून घेतली. पण या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा असतो, कारण त्याच तरफेमुळे जोरही कमी पोचतो आणि हालचालही. ३१ गुणिले ०.४२ म्हणजे चाकाशी जेमतेम १३. गाडी जमिनीवर उतरवली आणि पुढचं नाक ठरवलेल्या उंचीपेक्षा जवळपास २८ मिलिमीटर खाली बसलं. मी स्प्रिंगखालची आट्यांची कॉलर फिरवून उंची भरून काढली आणि तशीच नेली. ब्रेक मारला की शॉकअप तळाला टेकायचा, पुढची चाकं सरळ पुढे घसरायची. परत आल्यावर १० मिलिमीटर तारेची, ७० मिलिमीटर मध्यव्यासाची, सहा चालू वेढ्यांची नवी स्प्रिंग वळवली. तिचा हिशेब ४८ येतो, म्हणजे चाकाशी साधारण २०. आता पुढची प्रत्येक बाजू सेकंदाला साधारण २.२ वेळा डोलते. आधी हा आकडा १.७ होता. ब्रेकवर भरवसा वाटू लागला तो इथून.

आता रॉड एण्ड. खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला मी एम १२ चा रॉड एण्ड लावला होता, कारण कँबर बदलायला तो सोयीचा. दिसतोही देखणा. पण शॉकअप याच विशबोनवर बसतो, म्हणजे गाडीचं वजन त्या आट्याच्या दांड्यावर आडवं येतं. दुसऱ्या फेरीनंतर काढून पाहिलं तर उजवा एण्ड डोळ्यांना कळेल इतका वाकलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांना दाखवला. त्यांनी तो अंगठ्यावर फिरवला आणि म्हणाले, "मालक, ह्यो वढायला न्हाईतर ढकलायला हाय. आडवा लोड ह्येला द्यायचा न्हाई." मग डावाही काढला, तडा शोधायचा लाल डाय मारला, पुसून पांढरा डेव्हलपर फवारला. पहिल्या आट्याच्या मुळाशी बारीक लाल रेघ उमटली. चीर होती. ती रेघ पाहून मी खाली बसलो. हाच एण्ड घेऊन मी आदल्या रविवारी ट्रॅकच्या सरळ भागात चौथ्या गिअरमध्ये होतो.

खालच्या टोकाला आता प्रेस करून बसणारा साधा बॉल जॉइंट आहे. त्याचं घर मामांनी लेथवर केलं, नकलच्या भोकाचा टेपर जुळवला. कँबर वरच्या विशबोनवरून बदलतो, तिथे स्प्रिंगचा भार नाही. जे कोणी अशी गाडी बांधत असतील त्यांनी, दुसरं काही नाही तरी, आजच हे एक तपासावं.

मागच्या बाजूला वेगळी गोष्ट झाली. नकलचा टायरॉडचा (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) हात मी चासीला पक्क्या लिंकने बांधला होता आणि त्या लिंकचा बोल्ट एकाच पट्टीत अडकवलेला. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागचं टोक दचकायचं. मी टायरला दोष दिला, मग हवेला. शेवटी एका मित्राला चाक ढकलायला लावून पट्टीला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावलं, काटा हलला, म्हणजे पट्टीच वाकत होती. दुसरी पट्टी जोडून बोल्ट दोघींच्या मध्ये घेतला, कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा वेल्ड केला. एका दुपारचं काम. दचकणं गेलं.

सगळ्यात समाधान दिलं ते बम्प स्टिअरच्या कामाने, म्हणजे चाक वर-खाली होताना आपोआप वळतं ते घालवण्याच्या. जमीन सपाट नव्हती म्हणून गवंड्याची पाण्याची नळी आणली, चासीचा मध्य ओळंब्याने धरला. शॉकअप काढले, चाकाच्या जागी सपाट प्लेट, तिला दोन डायल गेज, आणि जॅकने दहा-दहा मिलिमीटर वर. २५ मिलिमीटर उचलल्यावर टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) १.६ मिलिमीटर बदलत होता. स्टिअरिंगची रॅक जास्त उंच बसली होती. टायरॉडचा आतला जॉइंट दोन्ही विशबोनच्या आतल्या पिव्होटना जोडणाऱ्या रेषेवर येतच नव्हता. रॅकखालच्या शिम (पातळ चकत्या) काढत, घालत तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी ०.२ वर आलो. आता खडबडीत जागी ब्रेक मारताना स्टिअरिंग हातात शांत राहतं.

१९५७ च्या लोटस सेव्हनमध्ये तिचे रचनाकार कॉलिन चॅपमन यांनी अँटी-रोल बारलाच (वळणात गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजू जोडणाऱ्या सळईलाच) वरच्या विशबोनचा एक हात केलं होतं. वजन वाचतं, पाहायलाही सुंदर. तरी मी बार वेगळा ठेवला, कारण तो बदलता यायला हवा. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १६ मिलिमीटरचा १८ केला आणि तो ६० टक्के चढला. पुढे एवढा नको होता. १६ परत लावलाय.

कँबर उणे दीडवरून उणे अडीच अंशांवर नेला, टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर मोजून. शॉकअप ठीक आहेत, गळती नाही.

सध्या गाडी स्टँडवर आहे. मागच्या डाव्या वरच्या रॉड एण्डला बोटाला कळेल इतका प्ले (ढिलेपणा) आलाय. आपल्याकडचा पाऊस आणि ट्रॅकची धूळ, दोन्ही त्या गोळीत शिरलं, कारण मी रबरी बूट घातले नव्हते. नवे आठ एण्ड मागवलेत, या वेळी बुटांसकट.