नेटहॅक: वाल्किरीला जिवंत ठेवताना

जूनमध्ये लॅपटॉपवर नेटहॅक टाकला, तेव्हापासून रात्री जेवणं उरकली की एक डाव होतोच. १९८७ साली आलेला हा गेम आजही फुकट मिळतो. ग्राफिक्स जवळजवळ नाहीतच, पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं. @ म्हणजे आपला हिरो. खोल तळघरात उतरून येंडॉरचा ताईत वर आणायचा. हिरो मेला की सगळं पहिल्यापासून, कारण जुना सेव्ह उरतच नाही.

या गेममध्ये हिरो तगतो तो घाई न केल्यामुळे, हे माझं ठाम मत झालंय. सगळं टर्नवर चालतं. तुम्ही कळ दाबत नाही तोवर समोरचा ड्रॅगनही जागचा हलत नाही.

सोल्जर अँटचंच घ्या. तिचा वेग १८, आपला १२, म्हणजे पळून सुटका नाही. मोकळ्या खोलीत या मुंग्या आठही बाजूंनी घेरतात, म्हणून आधी बोळात शिरायचं. परवा बोळात शिरूनही माझ्या वाल्किरीचे, म्हणजे लढवय्या बाईच्या हिरोचे, ५२ पैकी ७ एचपी (जीव मोजणारे गुण) उरले. अशा वेळी बोट आपसूक पुढच्या वाराकडे जातं. मी थांबले आणि प्रार्थना केली. एचपी एक सप्तमांशाच्या खाली गेले की देव ते खरं संकट मानतो, आणि आधीच्या प्रार्थनेला हजारेक टर्न झाले असतील तर सहसा धावून येतो. एचपी काठोकाठ भरले. संकट नसताना हाक मारली तर मात्र तोच कोपू शकतो.

धुळीत ‘एल्बेरेथ’ हा मंतरलेला शब्द लिहिला की बरेच मॉन्स्टर जवळ यायला कचरतात. माणसं आणि बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर त्याला जुमानत नाहीत. शिवाय ३.६ आवृत्तीपासून त्यावर उभं राहून तलवार चालवली की अक्षरं पुसली जातात. जुनी गाइड वाचून खेळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरंगणाऱ्या निळ्या डोळ्याला जवळून मारू नका. तो स्वतः काहीच करत नाही, पण त्याला मारताना अंग लुळं पडलं की साधा उंदीरही जीव घेतो. लांबून खंजीर फेकून मारा आणि खा, टेलिपथी मिळते. बाकी शिकार ताजी असतानाच खावी. पन्नासेक टर्न शिळं मांस जिवावर बेततं. पाल मात्र कधीच सडत नाही, ती जपून ठेवा. कॉकाट्रिस नावाच्या मॉन्स्टरमुळे शरीर हळूहळू दगड व्हायला लागलं तर तीच वाचवते.

कळा पाठ करताना सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. सेटिंगमध्ये नंबर पॅड सुरू केला की चालणं तरी सोपं होतं. पहिल्या काही पातळ्यांवर कधी कधी नुसतं नशीबच फिरतं आणि कितीही जपून खेळलं तरी हिरो जातो. हे मला अजूनही खटकतं.

नव्याने खेळणाऱ्यांनी बुटक्या (ड्वॉर्फ) वंशाची वाल्किरीच घ्यावी. नोमिश माइन्स या खाणींमधले बहुतेक बुटके तिच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे तिथल्या माइनटाउन या गावातल्या मंदिरापर्यंत नीट पोचता येतं. तिथला पुजारी सोनं घेऊन संरक्षण देतो. दर आहे तुमच्या हिरोची लेव्हल गुणिले ४००, म्हणून लेव्हल कमी असतानाच जाऊन या.