माइल्स मार्टिनेट: ओढायला पक्कं, वेगाला कच्चं

विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी ब्रिटनच्या हवाई दलाने 1 डिसेंबर 1943 ला बऱ्याच स्क्वाड्रन एकदम उभ्या केल्या. वेल्समध्ये टॉविनला क्रमांक 631 ची, केंटमध्ये डेटलिंगला 567, प्लिमथजवळ रोबरोला 691. मार्टिनेट हे त्यांच्याकडचं ओढकामाचं विमान: तोफचींनी नेम धरावा असं लक्ष्य लांब तारेला बांधून मागे ओढायचं. पुढे वैमानिक, मागे विंचवाला, म्हणजे तार सोडणारं-गुंडाळणारं यंत्र चालवणारा.

याची किंमत हेन्ली या आधीच्या ओढविमानाशी ताडून पाहिल्यावर कळते. हेन्ली मूळचं बॉम्बर, इंजिन मर्लिन, कागदावर सरस. पण मागे ड्रोग, म्हणजे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी लावली, की वेग ताशी 220 मैलांच्या आत ठेवावा लागे. नाहीतर इंजिनं निकामी व्हायची. त्यात ड्रोग वेळेत सुटला नाही तर संपलंच. काही हेन्ली अशीच गेली. मार्टिनेट मात्र याच कामासाठी आखलेलं पहिलं ब्रिटिश विमान. पहिलं उड्डाण 24 एप्रिल 1942, एकूण नग 1,724. मूळ आराखडा मास्टर या प्रशिक्षण विमानाचा, बांधणी लाकडी. विंच आणि तारेचा भार मागे पडतो, म्हणून नाक लांबवून 870 अश्वशक्तीचं मर्क्युरी इंजिन पुढे सरकवलं. साधी युक्ती, पण तोल जमला.

खरी कसोटी विंचवाल्याची. तार सोडताना ब्रेक बेताबेताने ढिला करायचा. एकदम सोडला तर तार संपताच हिसका बसतो आणि तार तरी तुटते, नाहीतर कापड तरी फाटतं. उतरण्याआधी ड्रोग मैदानावर टाकायचा. हलक्या तोफांचा सराव असेल तर त्यावरची भोकं मोजता येतात.

खोट वेगात आहे. ड्रोगशिवाय कमाल ताशी 240 मैल, ड्रोग लावल्यावर आणखी कमी. गोळ्याला वर पोचायला 10 सेकंद लागले, तर 200 मैलांनी जाणारं लक्ष्य तेवढ्यात सुमारे 900 मीटर सरकतं, 300 मैलांनी जाणारं 1,340. मार्टिनेटवर हात बसलेल्या तोफचीचा गोळा खऱ्या हल्लेखोराच्या मागेच फुटणार. म्हणून या स्क्वाड्रन हरिकेन ही लढाऊ विमानंही बाळगत: ड्रोग नाही, गोळीबार नाही, नुसता नेम धरायचा सराव.

1945 मध्ये ओढकामाला व्हेन्जन्स हे अमेरिकी विमान आलं. ताकद भरपूर, पण सरळ उड्डाणातही नाक वर, त्यामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसत नाही.

मार्टिनेटच्या पोटावर पिवळे-काळे तिरपे पट्टे असत. तोफचीने ड्रोग सोडून विमानच टिपू नये, म्हणून.