खडकीचं .315 काडतूस: डुकराला पुरतं, गव्याचं नाव काढू नये

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात ज्यांच्या परवान्यावर .315 (व्यास इंचांत, म्हणजे 8 मिलिमीटर) रायफल आहे, त्यांच्या हातात बहुतेक वेळा खडकीच्या कारखान्याचं, बुडावर ‘केएफ’ ठसा असलेलं 8 एमएमच पडतं. गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळजवळ 16 ग्रॅम. टोकाला शिसं उघडं, नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला 2000 फुटांच्या आसपास. मूळ घराणं ऑस्ट्रियन सैन्याच्या 8×50 आर मॅनलिखरचं. इंग्रजांनी इथल्या नागरिकांना लष्करी .303 बंद केली, तेव्हा हा व्यास शिकारी रायफलींत आला. आजच्या मानानं संथ, पण जड.

आधी कायद्याचं. 1972 पासून शिकार बंद आहे. रताळ्याचा वाफा रात्रीत उकरून ठेवणाऱ्या डुकरावरसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 खालची वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय गोळी चालत नाही. पीकसंरक्षणासाठीचा बंदुकीचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे, ही गल्लत आपल्याकडे फार.

डुकराला हे काडतूस उत्तम. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट जाड थर असतो. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचे एलजी (मोठे) छर्रे लांबून त्यात अडकतात आणि जनावर जखमी होऊन उसात शिरतं. ही गोळी तो थर फोडून आत पसरते. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा. वर धरला तर हृदय चुकतं. 100 यार्डांवर नेम बसवलेली रायफल 200 वर दहाएक इंच खाली मारते, त्यामुळे शंभराच्या पुढे मोह नको. काडतुसांच्या प्रत्येक लॉटचा मारा थोडा वेगळा पडतो. नवीन लॉट आला की नेम पुन्हा तपासा.

गव्याची गोष्टच वेगळी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. .315 ची ताकद (गोळीची नळीतून सुटतानाची ऊर्जा) 2200 फूट-पाउंडांच्या आसपास, .30-06 च्या 180 ग्रेन गोळीची 2900 च्या आसपास. एवढ्या जनावरासाठी जगभर जिथून सुरुवात मानतात त्या .375 मॅग्नमची 4000 च्या वर, 300 ग्रेनच्या गोळीनिशी. मऊ टोकाची गोळी गव्याच्या खांद्याच्या हाडावर आत पोचण्याआधीच पसरते. शिवाय गवा त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या शेतात कळप उतरला तर फटाके, डबे आणि वनखात्याला फोन, एवढंच.

सपाट माळावर आणि उसाच्या फडात मात्र रायफलीपेक्षा बारा बोअरच बरी, तीही 30 मीटरच्या आत. चुकलेली रायफलची गोळी दोनेक किलोमीटर सहज जाते, ऊस तिला अडवत नाही. मचाणावरून खाली, मागे माती असेल तरच घोडा ओढावा.

दोष? काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट ढकलूनही काडतूस वर येत नाही. भरताना प्रत्येक नवीन काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसवा. घोडा ओढूनही आवाज झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान 30 सेकंद थांबा. बार उशिरा उडू शकतो.

कणकुंबीच्या पावसात साठवण हीच खरी परीक्षा. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या पितळेवर हिरवा कीट चढतो, चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे. तो घासून काढलेलं काडतूस चेंबरमध्ये घालू नका, बाजूला काढा. तेलाचा हात काडतुसाला अजिबात लावू नये, पातळ तेल बुडातल्या टोपीत (बार पेटवणाऱ्या भागात) झिरपून तिला निकामी करतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर महिन्याला त्या उन्हात टाकण्याऐवजी तव्यावर मंद आचेवर गरम करून घेणं. जुलैत ऊन मिळतंय कुठे!