बेडसोअरची हवेची गादी: गादी उत्तम, पण पंप बंद पडला की?

पावसाळ्यात घेतलेल्या गादीचा पंप ऐन संक्रांतीच्या आठवड्यात बंद पडला आणि कस्टमर केअरवाल्यांनी जो मनस्ताप दिला, त्यामुळे हे लिहितेय. सासूबाईंची उजवी बाजू पॅरालिसिसने गेली आहे, कूस स्वतःची स्वतः बदलता येत नाही. बेडसोअर, म्हणजे एकाच जागेवर सतत भार पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून डिस्चार्जच्या वेळीच एअर बेड घ्यायला सांगितलं होतं. आम्ही बबलची न घेता ट्यूबची, जरा महागातली घेतली.

ट्यूब एकाआड एक फुगतात आणि थोड्या वेळाने पाळी बदलते, म्हणून एकाच जागेवर सतत भार राहत नाही. हे काम ती चोख करते. आवाजही नगण्य. पण आमच्या पंपात हवा अडवणारी काहीच सोय नाही. लाईट गेली की त्याच नळीतून हवा परत बाहेर! हवा पुरेशी आहे का हे पाहायला, माणूस गादीवर असताना तळहात वर करून गादीखाली, कमरेच्या जागी सरकवून बघा. हात आणि माकडहाड यांच्यामध्ये निदान इंचभर फुगलेली गादी लागली पाहिजे. लाईट गेल्यावर थोड्याच वेळात माझ्या बोटांना थेट हाड लागत होतं. नळीच्या तोंडाला एक रबरी बूच दिलं असतं तर कितीसा खर्च आला असता? हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढं मिळू नये, याचा मला अजून राग आहे. पंपाला वीज एखाद्या एलईडी बल्बएवढीच लागते, त्यामुळे लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर भागतं. पण पंपच बंद पडल्यावर इन्व्हर्टर काय करणार?

वॉरंटी होती. उत्तर काय मिळालं? "मॅडम, पंप कुरिअर करा, तपासून आठ-दहा दिवसांत कळवतो. तोवर साधी गादी वापरा." साध्या गादीवर भागलं असतं तर ही घेतली कशाला असती? बदली पंप द्यायला साफ नकार. शेवटी भाड्याच्या दुकानातून फोमची गादी आणली.

आणि इथे माझं मत थोडं बदललं. त्या दिवसांत मावशी आणि मी दर दोन तासांनी कूस बदलत होतो. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. त्वचा जशीच्या तशी राहिली. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीतही हवेची गादी आणि चांगल्या प्रतीचा फोम यांत फार फरक आढळला नव्हता. मात्र तिथला फोम म्हणजे आपला बाजारातला स्वस्त स्पंज नव्हे.

टाचा तर कुठलीच गादी पुरती वाचवत नाही. पोटरीखाली उशी द्यायची, टाच अधांतरी राहिली पाहिजे. गादीवर एकच पातळ सुती चादर घाला. घड्या घातलेली गोधडी आणि प्लास्टिक घातलं की गादीचे पैसे वाया, वर घामाने त्वचा भिजते ती वेगळीच. जेवताना डोकं वर घ्यावंच लागतं, पण नंतर लगेच खाली घ्या. माणूस घसरत राहिला की आतली कातडी ओढली जाते.

ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सताईंनी दाखवलेलं एक मला फार मोलाचं वाटतं. लाल जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडली नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. सासूबाईंचा रंग सावळा, लाली दिसतच नाही. म्हणून रोज अंघोळीच्या वेळी हाताच्या मागच्या बाजूने माकडहाड, खुबे, घोटे चाचपते. शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा टणक लागलं की त्या जागेवर भार बंद. तिथे तेल चोळायचं नाही आणि मधे भोक असलेली रिंगची उशीही द्यायची नाही, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी दबतो.

पंप दुरुस्त होऊन आला, सध्या नीट चालतोय. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर रात्रीसाठी हवेचीच घेईन, पण दुसऱ्या कंपनीची. दुकानात उभ्याउभ्या पंपाची वायर काढायला लावा, अर्धा तास थांबा आणि गादीखाली हात घालून बघा. बदली पंप किती दिवसांत देणार, तेही बिलावर लिहून घ्या.