एकास बत्तीसचा ट्रॅक आणि गेलेले ३८,५०० रुपये

जुना स्लॉट कारचा, म्हणजे खाचेच्या ट्रॅकवर विजेने पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा, संच विकत घेण्याच्या व्यवहारात माझे ३८,५०० रुपये गेले. त्यांतले ५,००० रुपये टोकन म्हणून गेले, २६,५०० रुपये उरलेली किंमत म्हणून, २,८५० रुपये पॅकिंग आणि वाहतूक विम्यापोटी, आणि ४,१५० रुपये 'ई-वे बिलाची' (मालवाहतुकीसाठी काढायच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) 'परत मिळणारी अनामत' या नावाखाली. असे व्यवहार कसे रंगवले जातात हे बहुतेकांना ठाऊक असते, मलाही ठाऊक होते. माणूस नेमका कुठे पकडला जातो हे मात्र बाहेरून दिसत नाही, म्हणून सगळे लिहून ठेवत आहे.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की भर दुपारी पोरांना बाहेर पाठवता येत नाही, आणि घरात ठेवले तर त्यांच्या हातचा मोबाइल सुटत नाही. त्यासाठी तळमजल्यावरच्या दहा बाय चौदाच्या खोलीत मुलासाठी आणि भाच्यांसाठी कायमचा ट्रॅक मांडायचा, असे मी ठरवले. गाडीखालचे पाते ट्रॅकच्या खाचेत चालते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून मोटरला वीज मिळते, आणि हातातल्या कंट्रोलरचा खटका वळणावर वेळेत सैल केला नाही तर गाडी खाच सोडून बाहेर फेकली जाते. मोटर, विद्युतप्रवाह आणि चुंबक यांची ओळख मुलाला पुस्तकापेक्षा इथे लवकर झाली असती, असे माझे आजही मत आहे. एवढे पैसे खेळण्यात घातले म्हणून मला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कोणते प्रमाण घ्यायचे, याचा विचार मी घाईने केला नव्हता. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार १:६४ प्रमाणात सुमारे सात सेंटीमीटरची होते, १:४३ मध्ये साडेदहाची, १:३२ मध्ये चौदाची आणि १:२४ मध्ये जवळजवळ एकोणीसची. चार बाय आठच्या एका प्लायवर १:६४ चा लांबलचक ट्रॅक बसतो, परंतु त्या गाड्या इतक्या झपाट्याने जातात की लहान मुलांची नजर त्यांच्यावर ठरत नाही. १:२४ ला दिवाणखाना हवा. आमच्या खोलीला १:३२ योग्य होते, आणि त्यातही दोन जुनी नावे माझ्यासमोर होती: १९५७ पासूनचे ब्रिटनचे स्केलेक्स्ट्रिक आणि १९६३ पासूनचे जर्मनीचे करेरा. स्केलेक्स्ट्रिकचा दुपदरी ट्रॅक १५६ मिलिमीटर रुंद असतो, करेराचा १९८. करेराच्या रुंद ट्रॅकवर पुढे १:२४ च्या गाड्याही चालवता येतात, म्हणून मी करेराचा साधा, म्हणजे डिजिटल नसलेला (डिजिटलमध्ये एकाच खाचेत अनेक गाड्या चालवता येतात), संच घेण्याचे नक्की केले. रुंदीचे हे दोन्ही आकडे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवले होते.

नवा संच इथे सहज का मिळत नाही, हेही सांगायला हवे. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्यामुळे आमच्यासारख्या ठिकाणच्या माणसाला वापरलेल्या संचाच्या मागे लागावे लागते, आणि भामट्यांना अशीच माणसे हवी असतात.

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर मला जाहिरात दिसली. विकणाऱ्याने आपण मूळचे शिरपूरकडचे असून नोकरीनिमित्त पुण्यात आहोत आणि आता परदेशी बदली झाल्याने सामान काढत आहोत, असे सांगितले. बदलीची गोष्ट नेहमीचीच असल्यामुळे मी तिला भुललो नाही. पण दुसऱ्याच वाक्याला तो अहिराणीत आला. "भाऊ, तू आपला मानूस से," असे तो म्हणाला. आपली बोली फोनवर ऐकली की खानदेशातल्या माणसाचा संशय निम्मा उतरतो, आणि हे त्या माणसाला पक्के माहीत होते. त्याने खोलीचे माप विचारले, खोलीत पंखा कुठे आहे ते विचारले, खिडकीतून धूळ येते का तेही विचारले, कारण गाडीखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांत धूळ बसली की गाडी अडखळते. डिजिटल संच महाग पडेल आणि एका कंपनीचा डिजिटल दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅकवर चालत नाही, हेही त्याने स्वतःहून सांगितले. हे सगळे खरे होते. स्वतःचा फायदा सोडून खरा सल्ला देणाऱ्या माणसावर कोणी अविश्वास दाखवला असता, ते मला सांगावे. त्याने ३६,००० सांगितले होते, सौदा ३१,५०० ला ठरला आणि मी ५,००० रुपये पाठवले.

संच कोणत्या प्रमाणाचा हवा हे विकणाऱ्याला कधीही आधी सांगू नका. त्याच्याकडे काय आहे, ते आधी त्याच्या तोंडून येऊ द्या.

उरलेले पैसे पाठवण्यापूर्वी मी ट्रॅकवर मोजायची टेप लावून चित्रफीत मागितली, आणि ती आली. लाल सतरंजी, तिच्यावर काळ्या ट्रॅकचा एक सरळ तुकडा, त्यावर आडवी धरलेली पिवळी लोखंडी टेप. टेपचे टोक डाव्या कडेला अडकवलेले आहे आणि उजवी कड सोळाच्या आकड्याच्या जरा अलीकडे संपते. सोळाच्या अलीकडे म्हणजे १५६ मिलिमीटर, म्हणजे तो ट्रॅक करेराचा नव्हताच. करेराचा असता तर कड विसाच्या तोंडाशी आली असती. वही माझ्या टेबलावर होती, आकडे त्या वहीत होते, आणि मी ती चित्रफीत पाहून 'ठीक आहे' असे उत्तर पाठवले. टेप दिसत असताना तो मागून सतत बोलत होता, खाचेतला गंज दाखवत होता, "हा एवढा डाग आहे बघ भाऊ, नंतर म्हणू नको" असे म्हणत होता, त्यामुळे माझे डोळे त्या डागाकडे गेले आणि टेप नुसती पार्श्वभूमीला राहिली. दोष लपवणाऱ्याला आपण ओळखतो, पण हा दोष दाखवत होता. ती चित्रफीत दुसऱ्याच कोणाची उचललेली होती आणि आवाज वरून जोडला होता, हे मला नंतर कळले. रात्री झोप लागत नाही ती त्या सोळाच्या आकड्यामुळे.

चित्रफीत कधीही आयती घेऊ नका. समोरासमोर व्हिडिओ कॉल करा, गाडी उलटी करायला सांगा, पाते हातात धरायला सांगा, ट्रान्सफॉर्मरवरचे लेबल वाचायला सांगा. अमेरिकेतून आणलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या खोबणीत तो जळून जाईल, त्यामुळे लेबल एरवीही वाचायलाच हवे.

पैसे पाठवताना पडद्यावर दुसऱ्याच माणसाचे नाव आले. ते मेव्हण्याचे खाते असल्याचे त्याने सांगितले. ई-वे बिलाची अनामत मागितली तेव्हा आमच्या ओळखीच्या एखाद्या कापूस व्यापाऱ्याला मी विचारले असते तर त्याने तिथेच थांबवले असते, कारण राज्याबाहेर जाणाऱ्या मालालासुद्धा ५०,००० रुपयांच्या वर किंमत असल्याशिवाय साधारणतः ते बिल लागत नाही आणि ते काढायला पैसेही पडत नाहीत. पण तोवर माझे ३४,३५० रुपये त्याच्याकडे गेलेले होते, आणि गेलेले वाचवण्यासाठी माणूस आणखी देतो.

पार्सल खरोखर आले, आणि या प्रकारातली सर्वांत घातक गोष्ट हीच आहे. खोके मोठे होते, वजनही होते. आत रद्दी, दोन विटा आणि जत्रेत मिळतो तसा बॅटरीवरचा प्लास्टिकचा ट्रॅक निघाला. त्याच्या गाड्यांच्या पोटाला ना पाते होते, ना तांब्याच्या पट्ट्या. पोहोच पावतीवर माझी सही मात्र झाली होती. पार्सल फोडताना सलग चित्रीकरण करा, आणि सही करण्यापूर्वी करा.

पोलीस ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न आला, "माल मिळाला ना?" मिळाला, पण दुसराच, असे सांगितल्यावर "मग ही दिवाणी बाब आहे, वकील बघा" असे उत्तर मिळाले. त्या विटा कशासाठी पाठवल्या होत्या, ते मला तिथे उभ्या उभ्या समजले. मी आग्रह धरल्यावर जिल्ह्याच्या सायबर विभागात जायला सांगितले. तिथे गेलो तर, आधी ऑनलाइन तक्रार करा, मग ती तुमच्याच ठाण्याकडे येईल, असे उत्तर. ती तिथे आली, आणि ठाण्याने ती सायबर विभागाकडे आहे असे सांगितले. एका कर्मचाऱ्याने इतरांसमोर विचारले, "एवढ्या पैशांत खरी जुनी मोटरसायकल आली असती, खेळणे कशाला घेतले?" माझ्या घामाच्या पैशाचे मी काय करावे, हे विचारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? बँकेने, पिन तुम्हीच टाकला आहे, एवढे सांगून विषय संपवला. त्या 'मेव्हण्याच्या' खात्यात गोठवलेले १,१४० रुपये निघाले, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मला मिळणार नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. ग्राहक आयोगात विचारले तर विरुद्ध पक्षाचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी आयोगात कशाला गेलो असतो? प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या जागी नियमाने बोलत होता, आणि सगळ्या नियमांची बेरीज भामट्याच्या बाजूने होत होती.

पैसे गेल्याचे कळताच, कोणाशी चर्चा करत न बसता, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडले तरच काही हाती लागते. संभाषण पुसू नये. लाजेखातर घरच्यांपासून लपवू नये, मी लपवले आणि त्यात मोलाचा वेळ गेला.

ठाण्याने 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवले तर तिथून तसेच निघू नका. एक वस्तू दाखवून पैसे घेणे आणि दुसरीच पाठवणे ही फसवणूक आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती बसते. गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही हे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, आणि ठाण्याने नोंद नाकारली तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते. मी ती नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. सोबत चारही व्यवहारांचे क्रमांक, विटांची छायाचित्रे आणि सोळाच्या आकड्यावर थांबवलेले त्या चित्रफितीतले दृश्य जोडले आहे. अहिराणी बोलणाऱ्या, शिरपूरचे नाव सांगणाऱ्या आणि लाल सतरंजीवरचा ट्रॅक दाखवणाऱ्या माणसाला आणखी कोणी पैसे दिले असतील, तर रक्कम कितीही लहान असो, त्यांनीही आपल्या ठाण्यात तक्रार द्यावी आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक तीत लिहावा.