मोठेपणी सापडलेला फुफ्फुसातील जन्मजात दोष: शस्त्रक्रिया करावी की देखरेखीवर राहावे?

फुफ्फुसाची जडणघडण गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि त्या काळात राहून गेलेली एखादी चूक कित्येकदा तिशी-चाळिशीपर्यंत उघड होत नाही. मग अपघातानंतर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती अनपेक्षितपणे दिसते, किंवा पुन:पुन्हा होणाऱ्या न्यूमोनियाचे कारण शोधताना तिचा उलगडा होतो. दोष आता काढून टाकावा की ठरावीक काळाने तपासत राहावा, हा निर्णय रुग्णाला आपल्या डॉक्टरांसह घ्यावा लागतो. या दोन मार्गांची तुलना दोषाचे नेमके निदान हाती असल्याखेरीज करूच नये, असे माझे ठाम मत आहे. ‘जन्मजात दोष’ या एकाच शीर्षकाखाली परस्परांपासून अगदी भिन्न असे आजार येतात आणि एकाला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याच्या बाबतीत घातक ठरू शकतो.

त्यांपैकी दोन आजारांत निर्णय फारसा अवघड नसतो. पहिला म्हणजे फुफ्फुसातील धमनी आणि शीर यांची केशवाहिन्यांना वगळून थेट झालेली जोडणी. केशवाहिन्यांचे जाळे एरवी रक्तातील बारीक गुठळ्या आणि जंतू अडवते. ते वगळले गेल्यास हे घटक सरळ मेंदूपर्यंत पोहोचतात आणि पक्षाघात किंवा मेंदूतील गळू होऊ शकते. रुग्णाला धाप किंवा खोकला नसतानाही हा धोका असतो. त्यामुळे रक्त पुरवणाऱ्या धमनीचा व्यास साधारण 2 ते 3 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर लक्षणांची वाट न पाहता एम्बोलायझेशन करण्याचा सल्ला दिला जातो. त्यात जांघेतील शिरेतून बारीक नळी फुफ्फुसापर्यंत नेऊन ती धमनी धातूच्या कॉइलने बंद करतात, छाती उघडावी लागत नाही. अशा रुग्णाला किंवा त्याच्या घरात इतर कोणाला वारंवार घोळणा फुटण्याचा त्रास असेल, तर ती माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी, कारण या जोडण्यांमागे पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार असतो आणि मग नातेवाइकांचीही तपासणी करावी लागते.

दुसरा आजार याच्या उलट टोकाचा आहे. यात श्वासनलिकेची एखादी शाखा मुळाशीच बंद राहिलेली असते. बहुधा ती डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडातील असते. बंद जागेच्या पलीकडे चिकट स्राव साचतो आणि शेजारच्या वायुकोशांतून झिरपलेली हवा त्या भागात अडकून राहते. एखाद्या गाठीमुळे तर ती शाखा बंद झालेली नाही ना, याची खात्री ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, करून घेतली आणि संसर्गाचा इतिहास नसला, तर येथे शस्त्रक्रियेचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

खरी ओढाताण उरलेल्या तिघांत होते: पुटीयुक्त (म्हणजे हवा किंवा द्रव साचलेल्या पिशव्या असलेली) जन्मजात विकृती, श्वासनलिकेच्या अंकुरातून वेगळी झालेली पुटी, आणि सिक्वेस्ट्रेशन, म्हणजे श्वासमार्गाशी नेहमीचा संबंध नसलेला व थेट महाधमनीकडून रक्त घेणारा फुफ्फुसाचा तुकडा. प्रौढांमध्ये यातील सिक्वेस्ट्रेशन बहुधा खालच्या खंडाच्या आतच दडलेले असते. येथे जुने एक्स-रे फार मोलाचे ठरतात. ते तारखेनुसार लावून प्रकाशाच्या चौकटीवर शेजारी शेजारी पाहिले आणि प्रत्येक न्यूमोनियाचा डाग डाव्या बाजूला, तळाशी, पाठीच्या अंगाला अशा त्याच जागी आढळला, तर फुप्फुसाच्या त्या भागातच काहीतरी कायमचे आहे, असा संशय बळावतो. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेले औषध) देऊन काढलेल्या सीटी अँजिओग्राफीत महाधमनीपासून निघून त्या डागात शिरणारी वेगळी धमनी दिसली की निदान पक्के होते. ती तपासणी होण्यापूर्वी सुईने तुकडा काढण्याची घाई करू नये, कारण गाठ समजून टोचलेली जागा रक्तवाहिन्यांनी भरलेली असू शकते.

त्या जागी एकापेक्षा अधिक वेळा संसर्ग झाला असेल किंवा खोकल्यातून रक्त पडले असेल, तर पारडे शस्त्रक्रियेकडे स्पष्टपणे झुकते. प्रतिजैविकांनी त्या वेळचा ताप उतरतो, मात्र स्रावाचा निचरा न होणारी जागा तशीच राहते. शिवाय प्रत्येक संसर्गानंतर फुफ्फुस छातीच्या अस्तराला अधिक चिकटते. आज दूरबिणीतून होऊ शकणारी शस्त्रक्रिया अशा काही संसर्गांनंतर छाती उघडूनच करावी लागण्याची शक्यता वाढते, आणि हा मुद्दा रुग्णांना पुरेसा सांगितला जात नाही असे मला वाटते. सिक्वेस्ट्रेशनमध्ये एम्बोलायझेशनने रक्तस्राव थांबवता येतो, पण सदोष ऊती आतच राहते. म्हणून वारंवार संसर्ग होत असलेल्या रुग्णाने त्याला शस्त्रक्रियेचा पूर्ण पर्याय मानू नये.

लक्षणे मुळीच नसताना मात्र दोन्ही बाजूंना वजन आहे. शस्त्रक्रियेने पुढच्या संसर्गाची आणि रक्तस्रावाची चिंता मिटते. पुटीयुक्त विकृतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते: तिच्या मोठ्या पुट्या असलेल्या प्रकारात श्लेष्मल पेशींचा कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे आहेत. ते क्वचितच घडते, परंतु नुसत्या स्कॅनवरून त्या पेशींची सुरुवात खात्रीने ओळखता येत नाही. याच्या बदल्यात रुग्णाला भूल, शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेल्या नळीतून काही दिवस हवा गळत राहण्याची शक्यता, न्यूमोनिया, रक्तस्राव आणि काहींच्या बाबतीत बरगड्यांमध्ये महिनोन् महिने टिकणारी वेदना यांची जोखीम पत्करावी लागते. दोष असलेला भाग श्वसनाला फारसा हातभार लावत नसल्याने तो काढल्यावर फुफ्फुसाची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी घटते, हे खरे. पण पाचांपैकी एक संपूर्ण खंड काढताना त्यासोबत निरोगी भागही जातो, आणि लहान मुलांच्या फुफ्फुसात ती तूट भरून काढण्याची जी ताकद असते ती प्रौढांत फार थोडी उरते. केवळ एक उपखंड (खंडाचा लहान भाग) काढणे शक्य आहे का, असे सर्जनना विचारावे. मात्र दोषाची कड अस्पष्ट असेल, तर त्याचा काही अंश मागे राहून त्रास परतू शकतो.

देखरेखीच्या मार्गावर आज काहीच गमवावे लागत नाही, आणि बाकीचे आजार गंभीर असलेल्या किंवा श्वसनक्षमता आधीच खालावलेल्या व्यक्तीसाठी तोच अधिक शहाणपणाचा असू शकतो. वयाचा विचार येथे निर्णायक ठरतो. पंचविशीतील रुग्णापुढे देखरेखीची चार-पाच दशके असतात. छातीच्या एका नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे 6 ते 7 मिलिसिव्हर्ट, तर कमी मात्रेच्या स्कॅनमध्ये सुमारे 1.5 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, आणि या मात्रा आयुष्यभर साठत जातात. सत्तरीत योगायोगाने सापडलेल्या, कधीही त्रास न दिलेल्या दोषासाठी हाच हिशेब अगदी वेगळा निघतो. म्हणून लक्षणे नसलेल्या तरुण आणि अन्यथा धडधाकट रुग्णाच्या मोठ्या पुटीबाबत माझा कल शस्त्रक्रियेकडे, आणि उतारवयातील रुग्णाबाबत देखरेखीकडे आहे. या विषयावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे छातीच्या सर्जनइतकेच श्वसनविकारतज्ज्ञाचेही मत घेणे आवश्यक समजावे.

राहणीमानाचा प्रश्नही तुलनेत धरला पाहिजे. विमानातील हवेचा दाब सुमारे 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो आणि बंदिस्त हवा त्या वेळी साधारण एक तृतीयांशाने फुगते. हवेने भरलेली मोठी पुटी असणाऱ्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. समुद्रातील डायव्हिंग तर पूर्णपणे टाळावे, कारण 10 मीटर खोलीवरून वर येताना अडकलेल्या हवेचे आकारमान दुप्पट होते. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने रक्तवाहिन्यांच्या जोडणीचे उपचार आधीच उरकून घ्यावेत, कारण गर्भारपणात या जोडण्या वाढून त्यांतून रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

देखरेख निवडल्यास पुढचा स्कॅन कधी, कोणत्या मात्रेचा आणि कशाची तुलना करण्यासाठी, हे लेखी घ्यावे, तसेच कोणत्या लक्षणानंतर बेत बदलायचा हेही आधीच ठरवून ठेवावे: ताप व बेडक्यासह दुसरा संसर्ग, थुंकीतून रक्त, किंवा पुटीच्या भिंतीत नव्याने दिसलेला घट्ट भाग. शस्त्रक्रिया निवडल्यास महाधमनीकडून येणाऱ्या रक्तवाहिन्या किती आहेत आणि त्या नेमक्या कोठून निघतात, हे सर्जननी शस्त्रक्रियेपूर्वीच पाहिले आहे ना, असे स्पष्ट विचारावे, कारण अशी धमनी नकळत कापली गेली तर होणारा रक्तस्राव आवरणे फार कठीण असते. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी अहवालही मागून घ्यावा. पुटीयुक्त विकृतीत पुढे तपासण्या लागणार की नाही, हे त्यावरच ठरते.